आधी काय हलेल ते सांगा

आमच्या मुलांना विषय दिला की ती लगेच कामाला लागतात. विषय तुमचा तुम्ही शोधा म्हटलं की वर्ग गप्प होतो. महाडमध्ये चित्रकला शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि त्याचा दोष मी मुलांना देत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी आम्हीच त्यांची तशी तयारी करून घेतो. स्मरणचित्राच्या पेपरात विषय छापून येतात. मुलं त्यातला एक निवडतात आणि सरावाने हातात बसलेली मांडणी कागदावर उतरवतात: पुढे दोन-तीन मोठी माणसं, मधे गर्दी, मागे झाडं आणि घरं. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांचा हात तयार केला, हे मोठं काम आहे. मात्र कशाचं चित्र काढायचं, हा प्रश्न त्या वाटेवर मुलांना कधी पडत नाही.

शाळेत स्टॉप मोशनचा प्रकल्प सुरू केला आणि तो प्रश्न टाळता येईना. एका जागी घट्ट बसवलेला फोन, टेबलावर मांडलेल्या वस्तू, दर वेळी वस्तू किंचित सरकवून काढलेला फोटो. असे शेकडो फोटो भरभर एकामागून एक दाखवले की निर्जीव वस्तू आपणहून चालायला लागते. हे तंत्र एका दुपारी शिकवता येतं. फोनवरचं ॲप तर मुलांना तासाभरात हाताळता आलं. खरा वेळ लागला तो काय करायचं हे ठरवायला. त्याबद्दलच इथे लिहिते आहे, कारण प्रकल्पाचा सगळा कस तिथे लागतो आणि शाळांमध्ये नेमकं तेच घाईत उरकलं जातं.

पहिल्या तासाला फळ्यावर जी यादी आली, ती कुठल्याही शाळेच्या फळ्यावर आली असती. झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिकबंदी, मोबाइलचे दुष्परिणाम. त्याखाली अर्ध्या वर्गाची एकच मागणी: रायगड. ती स्वाभाविकच होती. रायगड आमच्याच तालुक्यात, पाचाडला जिजाऊंची समाधी, शेजारच्या पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख इथल्या मुलांना पाठ करावी लागत नाही. मी कुठल्याच विषयाला नकार दिला नाही. फक्त म्हटलं, ‘‘आधी काय हलेल ते सांगा.’’

‘‘महाराज येतील,’’ एक मुलगा म्हणाला.

‘‘कुठून कुठे?’’

‘‘दरवाजातून सिंहासनापर्यंत.’’

‘‘आणि दरबारातली माणसं?’’

‘‘ती माना झुकवतील.’’

मग फळ्यावरच हिशेब मांडला. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. स्टॉप मोशनमध्ये बहुतेकदा एकच फोटो दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात. एका मिनिटाच्या फिल्मला ७२० फोटो लागतात. मान झुकवायला तीन सेकंद धरले तर ३६ फोटो. दरबारात मातीची वीसच माणसं ठेवली तरी ३६ गुणिले २०, म्हणजे ७२० वेळा कुणाच्या तरी मानेला हात लावायचा. मुलांनी आकडा वहीत लिहून घेतला. कष्टाला ती भीत नाहीत. भाताची लावणी करणारी मुलं आहेत. मी त्यांना पुढचा प्रश्न विचारला: एवढे हात लावून प्रेक्षकाला जे दिसेल, ते एका चांगल्या चित्रात दिसलं नसतं का? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी त्यांनीच ठरवलं की राज्याभिषेकाचं मोठं भित्तिचित्र करायचं. ते त्यांनी केलं आणि ते देखणं झालं. जे एका चित्रात मावतं त्याचं चित्रच काढावं. जे बदलताना पाहिल्याशिवाय कळतच नाही, त्यासाठी स्टॉप मोशनचे कष्ट घ्यावेत. आमच्या प्रकल्पाचा हा पहिला नियम ठरला.

नियम पटावा म्हणून मी मुलांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळके १९१२ मध्ये लंडनमध्ये कॅमेरा मागवून परतले, तेव्हा चित्रपट काढायला त्यांच्याजवळ पैसा नव्हता. भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटेल असं काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोप जसजसं वाढत गेलं तसतशी दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रं घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती फिल्म ओळखली जाते. पडद्यावर कोंब माती फोडून वर आला, वेल उभा राहिला. ते पाहून कर्ज देणारा माणूस तयार झाला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात काड्यापेटीतल्या काड्या हलतात. वाटाणा आपसूक वाढत होता आणि फाळके फक्त चित्र घेत होते. काड्यांना मात्र दर वेळी हात लावावा लागला. या दोन्ही रीती आज स्टॉप मोशन करणाऱ्याच्या रोजच्या कामातल्या आहेत, आणि त्या मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी हाताळल्या आहेत.

मुलांनी या गोष्टीतून जे उचललं ते मला फार मोलाचं वाटलं. एक मुलगी म्हणाली, ‘‘वाटाणा तर सगळ्यांच्या परसात असतो. पण तो वाढताना कुणी बघितलेला नसतो.’’ त्यानंतर शोधायचं काय ते वर्गाला कळलं. रोजची वस्तू आणि तिच्यातला कुणी थांबून न पाहिलेला बदल.

पुढचे काही आठवडे आम्ही गोष्ट लिहिलीच नाही. प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची, ती टेबलावर ठेवायची आणि तिच्याकडून एकच हालचाल करून घ्यायची. कुणी कुलूप आणलं, कुणी पाट, कुणी भाताचं माप, कुणी आजोबांचा चष्मा. वस्तू हलवायला लागलं की तिचा स्वभाव कळतो. चष्म्याच्या काड्या उघडमीट केल्या की तो किड्यासारखा चालतो. कुलूप जागचं हलत नाही, फक्त उघडतं किंवा मिटतं, म्हणून त्याच्याभोवती गोष्ट फिरवावी लागते. शाडूची माती चेहऱ्याला सुरेख, पण दिव्याखाली सुकते आणि तिला भेगा पडतात. दुकानातली रंगीत क्ले सुकत नाही, पण एप्रिलच्या उकाड्यात पाय वितळल्यासारखे होऊन बाहुली बसकण मारते. बाहुलीच्या आत बांधकामाची तार घातली तर ती पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते. ॲल्युमिनियमची तार बरी पडते. हे सगळं शिकताना मुलांच्या बोलण्यात हळूहळू फरक पडला. ‘आपण पर्यावरणावर करूया’ असं म्हणणारी मुलं ‘मॅडम, मापातून भात सांडला तर दाणे परत मापात चढतील का?’ असं विचारू लागली. कल्पना इथून सुरू होते.

पुराची कल्पना त्याच काळात आली. ती येणार हे मला माहीत होतं. महाडला सावित्री आणि गांधारी भेटतात, वरून घाटाचं पाणी उतरतं आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली तर पाण्याला जायला वाट राहत नाही. २००५ चा जुलै मोठ्या माणसांच्या बोलण्यात अजून असतो. तेव्हा दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही त्या दिवशी दरडी कोसळल्या. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. त्यांना सगळं आठवतं.

एका मुलाने दरडीचीच कल्पना मांडली आणि तांत्रिकदृष्ट्या ती पक्की विचार करून आणली होती. शाडूचा डोंगर, पायथ्याशी काड्यापेट्यांची घरं, वरून थेंब थेंब पाणी. शाडू आधी कुठे फुगतो, कुठे भेग पडते, मग कसा सरकतो, हे त्याने घरी करून पाहिलं होतं. वर्गात अशी मुलं होती की ज्यांच्या नात्यातली माणसं दरडीखाली गेली होती. ती काही बोलली नाहीत. मी मुलांना विचारलं, ही फिल्म करताना काय काय करावं लागेल ते एकेक सांगा. डोंगर सरकवायचा. घर थोडं वाकवायचं. मग आणखी थोडं. मग चिखलाखाली ढकलायचं. ‘‘कुणी ढकलायचं?’’ एका मुलीने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

ज्याने कल्पना आणली होती तोच म्हणाला, ‘‘नको मॅडम.’’

या माध्यमाबद्दल मला यापेक्षा खरं काही सांगता येणार नाही. इथे कॅमेऱ्यासमोर काही आपोआप घडत नाही. जे घडतं ते कुणाच्या तरी बोटांनी, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घडवलेलं असतं. दुःख दाखवू नये असं मी म्हणत नाही. पण आपल्या बोटांनी कोणती गोष्ट वारंवार करायला आपण तयार आहोत, हे कल्पना ठरवतानाच तपासायला हवं. त्या दिवशी वर्गाने दुसरा नियम केला: कुणाचं मरण आपल्या हाताने करायचं नाही.

पूर मात्र सोडायचा नव्हता. मी मुलांना घरी एकच प्रश्न विचारून यायला सांगितलं: पाणी येतंय कळलं की आपल्या घरात पहिलं काय माळ्यावर जातं?

उत्तरं आली ती वाचताना मी थक्क झाले. एका घरात रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले, पिशवीत बांधून तयारच असतात. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराच्या घरी मालाच्या आधी उधारीची वही. एका घरी आजीची औषधं. एका घरी तांदळाची कोठी, कारण बाकी सगळं विकत मिळतं पण चुलीला त्याच दिवशी तांदूळ लागतो. एका घरी देव्हारा सगळ्यात शेवटी, कारण देव उचलले म्हणजे घर सोडलं असं त्या घरची आजी मानते. एक मुलगा म्हणाला, ‘‘फ्रिज कुणी नेत नाही मॅडम. तो तरंगतो. आडवा होऊन तरंगतो.’’ ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही. ती महाडच्या घराघरांत आहे आणि ती सांगायला मुलांना कुणी विचारलेलं नव्हतं.

फिल्म या उत्तरांतून उभी राहिली. मोठ्या खोक्याची एक खोली, वर प्लायवूडचा माळा, एक शिडी. खोलीत छोट्या छोट्या वस्तू, सगळ्या मुलांनी केलेल्या. माणूस एकही नाही. पाणीही नाही. फक्त आवाज: पागोळ्यांचा, मग वाढत्या पावसाचा, मग नगरपालिकेच्या भोंग्याचा. भोंगा झाला की वस्तू आपणहून शिडी चढायला लागतात. कागदांची पिशवी पहिली. तिच्यामागे वही, औषधांचा डबा, दप्तर. कोठी जड, म्हणून ती पायरीपायरीला थांबते. कोठीचं हे थांबणं ज्या मुलीने केलं तिने आधी घरी वडिलांना भरलेली कोठी उचलायला लावून त्यांचा गुडघा कधी वाकतो ते पाहिलं होतं. कोठी वर जाण्याआधी थोडी खाली बसते. एवढ्या एका गोष्टीने ती जड झाली. मग दिवा जातो. अंधारात फ्रिज हळूच आडवा होतो.

सकाळच्या दृश्यात भिंतीवर गाळाची रेघ आहे. हा गाळ मुलांनी भोई घाटावरून आणला. तो ओला असताना भिंतीला लावला आणि सुकेपर्यंत ठरावीक वेळाने फोटो घेत राहिले. काळपट गाळ करडा होत गेला, मग त्याला जाळीसारख्या भेगा पडल्या. इथे वस्तूला कुणी हात लावला नाही; फाळक्यांच्या वाटाण्यासारखं ते आपसूक घडलं. भेगा कुठून सुरू होतील हे सांगितलं दरडीची कल्पना आणणाऱ्या त्या मुलानेच. त्याचं निरीक्षण वाया गेलं नाही, त्याला योग्य जागा मिळाली.

शेवटावर मात्र दोन तट पडले. काहींचं म्हणणं होतं की सगळ्या वस्तू खाली येतात, खोली पुन्हा सजते, गाणं वाजतं. तसं केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, असंही कुणी म्हणालं. तेव्हा सुकट गल्लीजवळ राहणारी एक मुलगी म्हणाली, ‘‘आमच्या काही वस्तू खाली आणल्याच नाहीत. जून आला की परत न्याव्याच लागतात.’’ शेवट तिथेच ठरला. वस्तू एकेक करून उतरतात. कागदांची पिशवी दोन पायऱ्या उतरते, थांबते, आणि परत वर जाऊन बसते.

महाडच्या चवदार तळ्यावर फिल्म करणारा गट वेगळा होता आणि त्यांची अडचणही वेगळी होती. दर २० मार्चला या मुलांच्या डोळ्यांसमोर गाव माणसांनी भरून जातं. त्यामुळे त्यांना १९२७ चा मोर्चाच करायचा होता: परिषदेच्या मांडवातून निघालेली हजारो माणसं, पुढे बाबासाहेब. हिशेब केला तेव्हा ते आवाक्याबाहेरचं होतं. पण मी संख्या हे कारण पुढे केलं नाही. पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या गटातल्या एका मुलाने इतिहास नीट वाचला होता. त्याने टिपण काढलं: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला २० मार्च १९२७ ला. मुंबई उच्च न्यायालयाचा तळ्याबाबतचा निकाल १९३७ मध्ये. टिपण वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, कागदावर तळं आधीच खुलं झालं होतं. पण पाणी हललं नव्हतं.’’

माझ्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला तोवर मिळालं नव्हतं. त्या एका वाक्यावर पूर्ण फिल्म झाली. काळा चकचकीत कागद म्हणजे तळं. वरून एक कागद तरंगत येतो आणि पाण्यावर टेकतो. पाणी जसंच्या तसं. दुसरा कागद येतो. तरीही पाणी स्थिर. मग चौकटीत एक ओंजळ येते आणि पाण्याला टेकते. तिथून पांढऱ्या दोऱ्याचं एक वलय उमटतं, मोठं होत जातं, त्यामागे दुसरं, तिसरं. वलयं चौकटीच्या कडांना जाऊन भिडतात आणि बाहेर पडतात. ओंजळ त्या मुलाचीच. ती खाली आणायला हात किती वेळ अधांतरी धरावा लागला ते गटातल्या सगळ्यांना माहीत आहे. वलयांचं काम आणखी नाजूक, कारण दोरा गोल राहत नाही. मुलींनी वेगवेगळ्या मापांच्या बांगड्या आणि ताटल्या घेऊन त्यांच्या कडेने दोरा बसवला, वस्तू उचलली, फोटो काढला, पुन्हा मोठी ताटली. बाबासाहेबांचा चेहरा फिल्ममध्ये नाही. तो दाखवावा असा काहींचा आग्रह होता. गटाने विचार करून ठरवलं की मातीच्या बाहुलीत तो चेहरा आपल्याकडून नीट होणार नाही पण बाबासाहेबांनी पाण्याचं जे केलं ते आपण नीट दाखवू शकतो.

पोलादपूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिथली मुलं निराळी निघाली. महाडची मुलं पेठेतली, बोलकी. पोलादपूरची कितीतरी मुलं डोंगरातल्या वाड्यांवरून एसटीने येतात. या तालुक्यातली घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कमाईवर चालली आहेत. वाडीवर म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं राहतात. बाकीचे गणपतीला आणि शिमग्याला येतात. या मुलांना कल्पना विचारली तर त्यांनीही आधी झाडे लावाच सांगितलं. मग एक अबोल मुलगा म्हणाला, ‘‘आमच्या उंबऱ्यापुढे दोनच चपला असतात. आजीच्या आणि माझ्या. गणपतीत मोजता येत नाहीत.’’

यावर फार चर्चा करावी लागली नाही. माती नाही, बाहुली नाही, खोकी नाही. एक ओटी, उंबरा आणि चपला. वर्षभर दोनच जोड: एक झिजलेला, एक शाळेचा. पावसाळ्यात त्यांच्या जागी गमबूट आणि प्लास्टिकचे जोडे. मग श्रावण सरतो आणि अंगणातून चपला चालत यायला लागतात: पांढऱ्या सोलचे बूट, उंच टाचेच्या चपला, लाइट लागणारे लहान मुलांचे बूट. उंबऱ्यापुढे गर्दी होते, एकमेकांवर चढतात, नंतर एकेक जोड पाठ फिरवून निघून जातो. उरतात त्या दोन. शिमग्याला पुन्हा येतात, पण या वेळी कमी. हे ‘या वेळी कमी’ त्या मुलाने सांगितलं. मला सुचलं नसतं.

या कल्पनेत चपलेची चाल हाच अभिनय होता. मुंबईहून आलेले बूट लाल मातीत कसे जपून पाऊल टाकतात, लहान मुलाचे बूट सरळ न येता अंगणभर फिरून कसे येतात, आजीच्या चपला दर दोन पावलांनी कशा थबकतात, हे मुलांना सांगावं लागलं नाही. काम उघड्यावर होतं, त्यामुळे ढग आला की चित्र काळवंडायचं आणि पुढच्या फोटोत लख्ख व्हायचं. मुलांनी सावलीची ठरावीक वेळ शोधली आणि रोज तेवढाच वेळ काम केलं. गावच्या सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका चपला ओळखायला लागल्या: ही सुनेची, हा धाकट्या नातवाचा. चपला त्यांच्या घरच्या नव्हत्याच, तरी त्यांना ओळखू आल्या.

या कामात मुलांना इतरांच्या फिल्म दाखवाव्यात का, असं मला शिक्षक विचारतात. जरूर दाखवाव्यात, पण आपली कल्पना पक्की झाल्यावर. नॉर्मन मॅकलॅरन यांची १९५२ ची ‘नेबर्स’ मी दाखवते. तिच्यात जिवंत माणसंच वस्तूंसारखी सरकवली आहेत. सुरेश एरियत यांच्या मुंबईतल्या स्टुडिओची ‘टोकरी’ दाखवते. वडिलांचं घड्याळ मोडलेली मुलगी टोपल्या विकायला रस्त्यावर उभी राहते, ती सगळी मुंबई मातीत केलेली आहे. ‘तारे जमीन पर’ मधलं धीमंत व्यास यांचं मातीचं काम मुलांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, ते थांबवून थांबवून पाहतो. हे आधी दाखवलं तर मुलं त्यांची नक्कल करतात. नंतर दाखवलं तर ती कारागिराच्या नजरेने बघतात: इथे सावली कशी सांभाळली, इथे पाय जमिनीला कसा चिकटवला.

आणखी एक प्रश्न दर वेळी येतो. फिल्म संपली की पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतं, ‘‘छान आहे, पण यातून संदेश काय?’’ स्पर्धांच्या माहितीपत्रकातही विषयाच्या जोडीला संदेश मागितलेला असतो. मुलांच्या कामाला अर्थ असावा ही त्यामागची इच्छा मी समजते. पण मुलांनी संदेशापासून सुरुवात केली की त्यांना आधीच माहीत असलेलं वाक्य ती सजवतात. वस्तूपासून सुरुवात केली की त्यांना स्वतःला माहीत आहे हेच ठाऊक नसलेलं काहीतरी बाहेर येतं. पाणी वाचवा हे वाक्य आमच्या मुलांना पहिलीपासून पाठ आहे. कागदांची पिशवी परत माळ्यावर का जाते, हे महाडच्या मुलाशिवाय कुणी सांगू शकत नाही. माझ्या मते शाळेने जपायचं ते हे दुसरं.

या भागातल्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. स्टॉप मोशनला लागणारं सामान आपल्याकडे आहे: एक फोन, त्याला घट्ट धरणारा स्टँड, बंद खोलीतला एक दिवा, खोका, दोरा, माती. महागडी यंत्रं आली नाहीत म्हणून थांबू नका. पण मुलांना विषय देण्याची घाई करू नका. आधी त्यांना घरी एक प्रश्न घेऊन पाठवा, ज्याचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही. आलेली उत्तरं टेबलावर मांडा. प्रत्येक कल्पनेला विचारा की हिच्यात काय बदलतं आणि तो बदल कुणाच्या हाताने होतो. सहा चौकोनांत गोष्ट एकही शब्द न लिहिता सांगता आली, की मगच फोन स्टँडवर लावा. शूटिंगला काही दिवस कमी पडले तर पडू देत. कल्पनेचे दिवस कापू नका. आमच्या मुलांजवळ सांगण्यासारखं भरपूर आहे. त्यांना ते सापडेपर्यंत वाट पाहणं, हे आपलं काम आहे.